विश्लेषण : शाळेजवळ गाडीचा वेग दाखवणारा फलक खरेच उपयोगी पडतो का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे वाहनांचा वेग मोजून दंड आकारतात. मात्र कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील मुले पायी शाळेत जातात ती जुना मुंबई-पुणे महामार्ग, चौक-कर्जत किंवा कर्जत-मुरबाड अशा रस्त्यांच्या कडेने. अशा ठिकाणी वेग दाखवणारे इशारा फलक कितपत उपयोगी ठरतात, त्याविषयी…

फलक काम कसा करतो?

खांबावरचे रडार समोरून येणाऱ्या वाहनावर रेडिओ लहरी सोडते. परतणाऱ्या लहरींची वारंवारिता वाहनाच्या वेगानुसार बदलते. त्यावरून वेग मोजला जातो आणि ‘आपला वेग ५२’ असा आकडा दिव्यांनी उजळतो. मर्यादा ओलांडली की आकडा लुकलुकतो. दंड नाही, छायाचित्र नाही.

दंड नसताना चालक का ऐकतो?

नेहमीची लाल त्रिकोणी पाटी सर्वांसाठी असते, म्हणून कोणासाठीच नसते. आकडा मात्र त्याच चालकाचा असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्ह शहराने २००३ मध्ये शाळांजवळ असे फलक लावले, तेव्हा वेग सरासरी १४ टक्क्यांनी घटला.

एवढ्याशा फरकाने काय होते?

चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असे धरू. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किमी वेगाची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० किमी वेगाची गाडी ब्रेक लागण्याआधीच १४ मीटर पुढे गेलेली असते आणि थांबायला सुमारे २८ मीटर घेते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरीचा वेग अजून कमीही झालेला नसतो. पावसात हे अंतर आणखी वाढते. पादचारी आणि वाहने एकत्र असलेल्या भागात ताशी ३० किमीची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे.

कर्जत-खालापुरात अडचण कोणती?

शनिवारी जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या असतात आणि त्याच सकाळी मुंबई-पुण्याकडून फार्महाऊस व धबधब्यांकडे पर्यटकांची वाहने निघतात. एसटी किंवा मिनिडोअरमधून उतरलेले मूल गाडीच्या आडून रस्ता ओलांडते. आदिवासी वाड्यांतील मुलांना पदपथ नसतोच. जून ते सप्टेंबर ढगाळ हवेत सौर बॅटरी पुरेशी भरत नाही आणि वाढलेले गवत फलक झाकते. त्यामुळे देखभालीची तरतूद नसेल, तर ऐन पावसाळ्यात फलक बंद पडण्याची भीती असते.

फलक पुरेसा आहे का?

नाही. रोज तोच आकडा दिसला की सवय होते. म्हणून तो शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळीच चालू ठेवणे आणि फाटकासमोर नव्हे तर बरेच आधी लावणे योग्य. जोडीला ठळक पट्टे, कडेला चालण्याची जागा आणि नियम असेल तिथे गतिरोधक हवेत. राष्ट्रीय महामार्गावर सरसकट गतिरोधक घालता येत नाहीत, म्हणून तिथे फलकाचे महत्त्व अधिक.

मागणी कोणाकडे करायची?

रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावे : सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद की रस्ते विकास महामंडळ. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीचा ठराव ग्रामपंचायतीमार्फत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवता येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठरावात या कलमाचा उल्लेख जरूर करावा.