ताळेबंदांतील नफा व संस्थेची पत

वार्षिक सभेंत नफ्याचा आंकडा वाचला जातो, टाळ्या पडतात, आणि सभासद लाभांशाची टक्केवारी ऐकून घरीं जातात. तो नफा कोणत्या रीतीनें लिहिला, हें विचारणारा विरळा.

कर्ज हें संस्थेचें येणें होय. तें थकलें म्हणजे बुडिताची तरतूद करावी लागते व तितका नफा उतरतो. हें टाळण्याची युक्ति गांवोगांव ठाऊक आहे. मार्चअखेर जुनें कर्ज भरलेलें दाखवून लागलीच नवें लिहावयाचें. यासच नवें-जुनें करणें म्हणतात. कित्येक खातेदार त्यासाठीं सावकाराकडून चार दिवसांपुरते पैसे उसने आणतात, हें आम्हीं पाहिलें आहे. वहींत व्याज जमा होतें, नफा फुगतो, आणि येणें होतें तसेंच राहतें.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेनें मार्च २०१९ अखेर थकीत कर्जें चार टक्क्यांहून कमी दाखविलीं होतीं. प्रत्यक्षांत सत्तर टक्क्यांवर कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे गुंतलें होतें, व तें झांकण्यास हजारों बनावट खातीं मांडलीं होतीं, असें पुढें तपासांत निघालें. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले, तेव्हां ठेवीदारांस सहा महिन्यांत अवघे १००० रुपये काढण्याची मुभा राहिली. ती मर्यादा मागाहून वाढविली. जानेवारी २०२२ मध्यें ती बँक दुसरींत विलीन झाली.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याच्या ३२ व्या कलमान्वयें सभासदास लेखापरीक्षित ताळेबंद संस्थेच्या कचेरींत विनामूल्य पाहतां येतो. तेथें नफ्याआधीं थकबाकी व तरतूद पाहावी, आणि एप्रिलांत वाटलेलें कर्ज मार्चांतील वसुलाशीं ताडून पाहावें.