रुळांची बोली आणि छंदाची बोली : इगतपुरीच्या घाटाच्या निमित्ताने

व्यवसायपरत्वे भाषेला जे निराळे वळण लागते त्याचा विचार बहुधा सुतार, कुंभार, कोष्टी, कोळी ह्यांच्या शब्दसंग्रहाच्या संदर्भात केला जातो. छंदपरत्वे लागणारे वळण त्या मानाने दुर्लक्षितच राहते. छंद हा पोटाचा प्रश्न नसतो, आणि जेथे पोटाचा प्रश्न नाही तेथे भाषेचे काही घडत-बिघडत असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. आगगाडीच्या लहान प्रतिकृती तयार करणाऱ्या व त्या चालविणाऱ्या मंडळींचे आपापसांतील बोलणे ह्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. हे बोलणे एका बाजूने रेल्वे-कामगारांच्या बोलीशी जोडलेले आहे, तर दुसऱ्या बाजूने परदेशी कारखानदारांच्या सूचिपत्रांशी. ह्या दोहोंची गाठ स्पष्टपणे पडते ती घाटाच्या विषयात. आणि घाट म्हटला की खंडाळ्याच्या जोडीने इगतपुरीचे नाव येतेच.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला येणारा मार्ग १८६५ च्या आरंभी वाहतुकीस खुला झाला. सुमारे १४ किलोमीटरांत सुमारे ३०० मीटरांची चढण, आणि तीही सदतिसास एक ह्या प्रमाणात, म्हणजे ३७ फूट पुढे जावे तेव्हा १ फूट वर. एवढ्या चढणीवर गाडीला मागून रेटा देणारे जादा इंजिन लागते, आणि उतरणीवर ब्रेकची परीक्षा घेतल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. त्यामुळे इगतपुरी हे केवळ स्थानक न राहता चालक, गार्ड, खलाशी, सांधेवाले ह्यांच्या वस्तीचे गाव झाले. १९३० च्या सुमारास मुंबईकडून १,५०० व्होल्टची एकदिश वीज येथवर आली व येथेच थांबली. पुढे कितीतरी वर्षे विजेचे इंजिन इगतपुरीस सुटत असे आणि वाफेचे जोडले जात असे. मराठी, हिंदी आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची इंग्रजी ह्या वस्तीत शेजारी-शेजारी नांदल्या. रेल्वेच्या मराठीला जी घडण मिळाली ती पुस्तकांतून नव्हे, अशा वस्त्यांतून.

ह्या मराठीत शब्दांचे थर दिसतात. काही शब्द जुनेच, नव्या कामाला लावलेले : सांधा, डबा, घाट, फाटक. काही इंग्रजी शब्द मराठी उच्चाराने पार बदलून टाकलेले : प्लॅटफॉर्मचा फलाट झाला. काही जसेच्या तसे राहिले : सिग्नल, गार्ड, लाइन क्लिअर. ‘अग्निरथ’ किंवा ‘लोहमार्ग’ ह्यांसारखे संस्कृत घडणीचे शब्द कागदावर शोभले. फलाटावर त्यांना जागा मिळाली नाही.

दोन प्राणिनामे मात्र स्वतंत्र विचार करावा अशी आहेत. मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. ‘मालगाडीच्या आठ वाघिणी घसरल्या’ असे वाक्य वृत्तपत्रांत आजही वाचावयास मिळते आणि वाचणारा दचकत नाही. येथे वाघाचा काही संबंध नाही. ‘वॅगन’ हा परका ध्वनिसमूह कानाला ओळखीच्या शब्दाजवळचा वाटला आणि त्याच्या साच्यात बसविला गेला. लोकव्युत्पत्तीचे ह्याहून बोलके उदाहरण मराठीत क्वचितच मिळेल. गाडी स्त्रीलिंगी, तेव्हा तिच्या मागची वाघीणही स्त्रीलिंगी, हे ओघानेच आले.

‘खेकडा’ ह्या नावाची कथा नेमकी उलट आहे. जी. आय. पी. रेल्वेने घाटातील मालवाहतुकीसाठी १९२८ पासून स्विस धर्तीची विद्युत्-इंजिने आणली. एकूण ४१ इंजिनांपैकी १० स्वित्झर्लंडमध्ये आणि उरलेली इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-१ हे वर्गनाम मिळाले. ह्याच जातीच्या स्विस इंजिनांना युरोपात ‘मगर’ म्हणत, कारण पुढचे व मागचे लांबट नाक. महाराष्ट्रात त्यांचा झाला खेकडा. उभ्या इंजिनातून येणारा कण्हल्यासारखा आवाज आणि धावताना दांड्यांची सरसर ह्यांच्याशी हे नाव जोडले जाते. खेकड्याला कण्हताना कोणी ऐकले असेल असे नाही. परंतु फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून चाकांना जोडणाऱ्या त्या दांड्या वाकड्या-तिकड्या हलत जात असल्या पाहिजेत, हे ध्यानात घेतले म्हणजे नाव पटते. स्विस पाहणाऱ्याने इंजिनाचे तोंड पाहिले, मराठी पाहणाऱ्याने पाय. ‘वाघीण’ हा शब्द कानाने घडविला, ‘खेकडा’ बव्हंशी डोळ्यांनी. ही इंजिने सुमारे सहा दशके चालली. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात व एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आता उभे आहे.

छांदिष्टांच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द जिवंत आहेत, आणि ते केवळ कौतुकापोटी नव्हे. ज्याला खेकड्याची प्रतिकृती करावयाची आहे तो युरोपीय मगरीचा सांगाडा मिळवून त्यावर काम करू पाहतो. तेव्हा ‘मगरीचा खेकडा कसा करावा’ हा प्रश्न त्याच्या तोंडी अगदी सरळ अर्थाने येतो. छंदाच्या बाहेरच्या माणसाला हे वाक्य वेडेपणाचे वाटेल. छंदबोलीची एक खूण हीच की तिच्यातील वाक्य व्याकरणाने शुद्ध, शब्दांनी सोपे आणि तरीही परक्याला दुर्बोध असते.

प्रतिकृतींची परिभाषा स्वतःच एका गमतीदार चुकीवर उभी आहे. जर्मनीतील मेर्क्लिन ह्या कारखान्याने १८९१ मध्ये खेळण्यातल्या रुळांची मापे ठरवून त्यांना क्रमांक दिले. पुढे क्रमांक एकपेक्षाही लहान माप निघाले, तेव्हा त्याला शून्य म्हणणे भाग पडले. इंग्रजी भाषकांनी ते शून्य ‘ओ’ ह्या अक्षराप्रमाणे वाचले. त्याच्या निम्म्या मापाला ‘हाफ ओ’, म्हणजे ‘एचओ’ हे नाव मिळाले. शून्याचा अर्धा भाग काय होतो हे गणिताला विचारण्यात अर्थ नाही. भाषेने तो १६.५ मिलिमीटर ठरवून टाकला आहे.

ह्या मापाने मराठी छांदिष्टापुढे जी अडचण उभी केली ती त्यांच्या संभाषणाचा जवळजवळ स्थायी विषय आहे. एचओ प्रमाणात खऱ्या १ फुटाला ३.५ मिलिमीटर धरतात, म्हणजे सुमारे सत्त्याऐंशीस एक. युरोपातील रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर असल्यामुळे १६.५ हे माप त्यांना बरोबर जुळते. आपल्या रुंद मार्गाचे अंतर मात्र साडेपाच फूट, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. त्याचे एचओ माप १९.२५ मिलिमीटर होते. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर भारतीय गाडी ठेवावयाची तर पावणेतीन मिलिमीटरांचा खोटेपणा पत्करावा लागतो, किंवा रूळ स्वतःच्या हाताने घालावे लागतात. एक पक्ष म्हणतो, गाडी पळाली पाहिजे. दुसरा म्हणतो, पळणारी गाडी आपली दिसली पाहिजे. हा वाद मिटत नाही, आणि मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही, कारण ओळख नसलेल्या दोन छांदिष्टांना बोलण्यास आरंभ करून देण्याचे काम तो उत्तम करतो. मालिनोव्स्की ह्यांनी १९२३ मध्ये ज्या संभाषणप्रकाराकडे लक्ष वेधले, ज्यात माहितीपेक्षा माणसे जोडणे महत्त्वाचे असते, त्याचेच हे उदाहरण. ‘काय म्हणतो पाऊसपाणी?’ ह्याच्या जागी ‘काय काका, साडेसोळाच अजून?’ असे विचारले जाते इतकेच.

मापाचा हा आग्रह मराठी मुलाच्या संस्कारांत मुळात नाही, हेही नोंदविले पाहिजे. दिवाळीत अंगणात होणाऱ्या मातीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात, मावळे दरवाजातून आत जाऊ शकत नाहीत आणि त्याने कोणाचेही बिघडत नाही. मोहरी पेरून उगविलेले गवत हेच तेथे रान. किल्ल्याची प्रमाणबद्धता महत्त्वाची नसून मोठेपणाची उतरंड महत्त्वाची असते. प्रतिकृति-रेल्वेत शिरणारा माणूस बहुधा ह्या अंगणातून आलेला असतो. त्यामुळे ‘किल्ला करतात’ तसे ‘लेआउट करतात’ असे म्हटले जाते. ‘मांडणी’ हा उत्तम शब्द हाताशी असूनही तो ह्या अर्थाने रूढ झाला नाही. ‘खेळणे’ हे क्रियापद मात्र कटाक्षाने टाळले जाते. घरची मंडळी ‘ते गाड्यांशी खेळताहेत’ म्हणतात. स्वतः ते ‘गाडी चालवतो’ म्हणतात. पुण्यात भाऊसाहेब जोशी ह्यांच्या छंदातून १९९८ मध्ये लघुरेल्वेचे जे संग्रहालय सुरू झाले, तेथील एचओ मापाचे शहर पाहून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांतही ह्या दोन क्रियापदांची जुगलबंदी ऐकू येण्यासारखी आहे.

इगतपुरीचा घाट ह्या प्रमाणात संपूर्ण करावयाचा तर काय होईल? लांबी सुमारे १६० मीटर आणि चढण साडेतीन मीटरांच्या जवळपास. कोणत्याही दिवाणखान्यात हे अशक्य. एहेगावचा सुमारे १८० फूट उंचीचा पूल तेवढा दोन फुटांत बसतो, आणि म्हणूनच निवड त्याची होते. सदतिसास एक ही चढणही छांदिष्टाला निराळ्या रीतीने कळते : खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यावयाचा म्हणून आठ सेंटिमीटर उंची घ्यावी, तर जवळजवळ तीन मीटर लांबी लागते. एवढी जागा टेबलावर नसते, म्हणून तो चढ वाढवितो, इंजिन घसरत जागीच फिरू लागते, आणि मग मागून दुसरे जोडावे लागते. त्या क्षणी ‘बँकर’ ह्या शब्दाचा अर्थ त्याला पुस्तकाविना समजतो. मराठी कानाला ह्या शब्दात पेढी ऐकू येते. प्रत्यक्षात रेल्वेच्या इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे चढण.

‘अप’ आणि ‘डाऊन’ ह्यांचा घोटाळा ह्याहून खोल आहे. मुंबईकडे जाणारी गाडी अप व मुंबईहून निघालेली डाऊन, हा जी. आय. पी. च्या काळापासूनचा दंडक. परिणामी कसाऱ्याहून धापा टाकीत घाट चढणारी गाडी डाऊन ठरते आणि इगतपुरीहून उतरणारी अप. रेल्वेच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला ह्यात विसंगती भासत नाही. त्याच्या लेखी ‘अप’ म्हणजे मुंबई, वर नव्हे. शब्दाचा मूळ अर्थ वापराने किती पूर्णपणे पुसला जातो, ह्याचे उदाहरण देण्यासाठी घाटाइतकी सोयीची जागा नाही. टेबलावरच्या मार्गाला तर मुंबईच नसते. तेव्हा नव्या मांडणीपुढे बसलेल्यांचा पहिला गंभीर प्रश्न असतो : ‘आपली मुंबई कुठल्या बाजूला?’

दोन प्रकारची माणसे ह्या छंदात एकत्र येतात. एक, ज्यांनी गाड्या सूचिपत्रांतून ओळखल्या. दुसरी, ज्यांच्या घरात कोणी रेल्वेत होते. पहिला ‘टर्नआउट अडतो’ म्हणतो, दुसरा ‘सांधा अडतो’. पहिल्याचा शब्द अमेरिकन कारखान्याचा, दुसऱ्याचा गँगच्या मुकादमाचा. गप्पांतून शब्दांची देवघेव होते, पण ती समसमान नाही : सूचिपत्राचा शब्द वस्तूसोबत विकत येतो, मुकादमाचा शब्द माणसासोबत निवृत्त होतो. सांधा हा शब्द टिकला तर तो अशा गप्पांत ‘अहो, ह्याला सांधा म्हणतात’ असे कोणी सांगितल्यामुळेच टिकेल. छंदाच्या टेबलावरून शब्द बाहेरच्या जगात जाऊ शकतात, ह्याला पुरावा आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्रसंस्थेतील विद्यार्थ्यांचा प्रतिकृति-रेल्वे क्लब १९४६ मध्ये निघाला. १९५९ मध्ये पीटर सॅमसन ह्या सभासदाने क्लबच्या बोलीचा कोश केला. त्यातील ‘हॅक’ हा शब्द पुढे संगणकाच्या क्षेत्रात गेला आणि आज तो इगतपुरीच्या शाळकरी मुलालाही माहीत आहे.

क्रियापदांकडे पाहिले तर मराठीची श्रीमंती अधिक दिसते. गाडी फलाटाला ‘लागते’, आणि घाटात प्रवाशालाही गाडी ‘लागते’. गाडी ‘सुटते’ तेव्हा प्रवास सुरू होतो, डबा ‘सुटतो’ तेव्हा थांबतो. प्रतिकृतीच्या जगात दुसराच प्रकार अधिक घडतो, म्हणून तेथे ‘सुटला’ हा उद्गार निराशेचा असतो. ‘घसरणे’ ह्याचेही तसेच. टेबलावर गाडी दिवसातून दहादा घसरते आणि हसण्यावारी जाते. ज्याने घाटात गाडी उतरविली आहे असा निवृत्त चालक त्या हसण्यात सहज सामील होईल असे गृहीत धरू नये. त्याच्या बोलीत हा शब्द चौकशी, निलंबन आणि कधी प्रेतांची मोजदाद घेऊन येतो. एकच शब्द, एकच टेबल. परंतु बोलणाऱ्याचे आयुष्य शब्दाला वेगळे वजन देते, आणि जाणती मंडळी अशा वयस्क गृहस्थांसमोर ‘उतरली’ किंवा ‘रुळाखाली गेली’ असे मवाळ शब्द वापरतात.

‘सिग्नल पडला’ हा प्रयोग शेवटी घेण्यासारखा आहे. जुन्या हातवाल्या सिग्नलाची पाटी खाली झुकली म्हणजे मार्ग मोकळा. म्हणून रेल्वेच्या मराठीत सिग्नल ‘पडणे’ हे शुभवर्तमान. रस्त्यावरच्या मराठीत मात्र सिग्नल ‘लागला’ की थांबावे लागते. रंगीत दिवे आल्यापासून रेल्वेतही काही पडत नाही, आणि तरुण मंडळींना हा प्रयोग उलटा वाटतो. ज्यांच्या मांडणीवर हातवाला सिग्नल आहे त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. गार्डाचे पदनाम जानेवारी २०२२ मध्ये बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ झाले; शेवटच्या डब्यात चिकटविलेली पाऊण इंचाची हिरवी झेंडीवाली आकृती मात्र छांदिष्टांच्या तोंडी अजून गार्डच आहे.