आज्ञावली लिहिणाऱ्याची शिस्त

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका सातपुड्याचा पायथा आणि तापी नदी यांच्यामध्ये वसला आहे. कापूस आणि केळी ही तेथील प्रमुख पिके होत. शेतकरी कापूस विकतो, तेव्हा त्याच्या वजनाचा व पैशांचा हिशेब आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर होतो. संगणक दिलेल्या सूचना निमूटपणे पाळतो. या सूचनांच्या संचास आज्ञावली व ती लिहिणाऱ्यास प्रोग्रॅमर म्हणतात. सूचना चुकीची असली, तरी संगणक ती तितक्याच तत्परतेने पाळतो. म्हणून या व्यवसायात बुद्धीइतकेच चांगल्या सवयींना महत्त्व आहे.

कापसाचे वजन ८५० किलो भरले आणि क्विंटलला ७,००० रुपये भाव ठरला, असे समजा. ८५० किलो म्हणजे साडेआठ क्विंटल; तेव्हा शेतकऱ्यास ५९,५०० रुपये मिळावयास हवेत. परंतु आज्ञावलीने भागाकारातील अपूर्णांक सोडून दिला, तर आठच क्विंटल धरले जातील व त्याच्या हाती ५६,००० रुपये पडतील. लिहिणाऱ्याने केवळ ८०० किलो वजन घालून हिशेब तपासला असेल, तर ही चूक त्यास दिसणारच नाही.

म्हणून चांगला प्रोग्रॅमर लिहावयास बसण्यापूर्वी काम समजून घेतो. काट्यावर वजन कसे होते, हे तो मापाड्यास विचारतो. असे विचारण्यात त्यास कमीपणा वाटत नाही. नंतर तो कामाचे लहान लहान भाग पाडतो व प्रत्येक भाग निरनिराळे आकडे घालून तपासतो. सोयीच्या आकड्यांपेक्षा अडचणीचे आकडे त्यास अधिक शिकवितात.

दुसरी सवय स्पष्ट लिहिण्याची. अमेरिकेच्या नासा या संस्थेने मंगळाकडे पाठविलेले एक यान १९९९ साली नष्ट झाले. एका आज्ञावलीने यानाला दिलेल्या रेट्याचे आकडे पौंडांच्या मापात दिले होते. दुसरीने ते न्यूटनच्या मापातील आहेत असे धरले. परिणामी यान मंगळाच्या फाजील जवळ गेले. आकड्याबरोबर त्याचे माप लिहावे आणि आपले लिखाण दुसऱ्याकडून तपासून घ्यावे, हे किती आवश्यक आहे, ते यावरून ध्यानात येते.

तिसरी सवय चुकांची नोंद ठेवण्याची. डोनाल्ड नूथ हे संगणकशास्त्रातील थोर पंडित. पुस्तकांच्या छपाईसाठी त्यांनी ‘टेक्’ नावाची आज्ञावली तयार केली. तिच्यात सापडलेल्या चुकांची नोंद त्यांनी १९७८ पासून ठेवली व १९८९ साली ती प्रसिद्धही केली. एवढेच नव्हे, तर नवी चूक दाखवून देणाऱ्यास ते बक्षीस देत. चूक लपविणारा तीच चूक पुन्हा करतो. लिहून ठेवणारा तिच्यापासून शिकतो.

संगणकाच्या भाषा बदलत राहतात. आज शिकलेली भाषा काही वर्षांनी मागे पडते. परंतु विचारणे, तपासणे, स्पष्ट लिहिणे आणि चूक मान्य करणे या सवयी जुन्या होत नाहीत. रोज थोडे शिकणाऱ्याची प्रगती त्यांच्याच बळावर होते. कापूस विकणारा शेतकरी आज्ञावली वाचू शकत नाही. हाती आलेल्या पावतीवर तो विश्वास ठेवतो. त्या विश्वासास पात्र होणे, हेच प्रोग्रॅमरचे खरे कर्तव्य होय.