वय विचारू नका, दात बघा!

देवळाली प्रवरात बैल घ्यायला निघालेले आजोबा व्यापाऱ्याच्या बोलण्यावर जात नाहीत. सरळ जनावराचा खालचा ओठ ओढतात. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला! दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात, साधारण दोन वर्षांपासून पुढे. (वरचे पुढचे दात शोधत बसू नका, ते नसतातच.)

हरणाचंही तसंच. फक्त खरी गंमत मागे, दाढांत. खालच्या जबड्यातली पुढून तिसरी दाढ बघा. दुधाची असेल तर तिचे तीन भाग दिसतात. पक्की आली की दोनच. म्हणजे पाडस की मोठं, हे तुम्हालाही सांगता येईल.

सगळे दात आल्यावर मात्र झिजेवर भिस्त. चौथी दाढ पक्क्या दाढांत सगळ्यांत आधी येते, म्हणून जास्त झिजते. पांढऱ्या कडांमधला तपकिरी पट्टा जितका रुंद, तितकं वय जास्त. पण चाऱ्यात माती असेल तर तरुण जनावरही म्हातारं वाटतं! म्हणून प्रयोगशाळेत दाताच्या मुळाचा पातळ काप घेऊन, झाडाच्या खोडासारखी वलयं मोजतात.

एवढा खटाटोप कशाला? आपल्या रेहेकुरीच्या काळविटांचंच घ्या. मेलेली म्हातारी असतील तर ठीक. ऐन उमेदीतली असतील तर काहीतरी बिघडलंय.

आणि रस्त्याकडेला असा जबडा सापडला तर? प्रोजेक्टसाठीसुद्धा घरी न्यायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा ठरतो. फोटो काढा, वनखात्याच्या १९२६ वर कळवा. दाढा फोटोतही मोजता येतात.