गावाच्या ताब्यातला इतिहास

१९४५च्या फेब्रुवारीत अमेरिकी सैन्याने जपान्यांकडून मनिला परत घेतले. महिनाभर चाललेल्या त्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मारले गेले. इंत्रामुरोस या तटबंदीतल्या जुन्या शहरात सात मोठी चर्च होती. त्यांतले १६०७मध्ये पुरे झालेले सान अगुस्तिन तेवढे उभे राहिले. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ज्या फ्रान्सिस्कन पंथात मनिलातच दाखल झाले, त्या पंथाचे चर्चही बेचिराख झाले. दप्तरे आणि ग्रंथसंग्रह जळाले, आणि राजधानीलाच देशाचे स्मरण मानणाऱ्या इतिहासलेखनाचा आधार गेला. फिलिपिन्समधले वारशाविषयीचे नंतरचे वाद या विध्वंसापासून वाचत आलो, तर एक निष्कर्ष टाळता येत नाही: तिथे इतिहास टिकला तो बराचसा गावांनी टिकवला. म्हणून वास्तू, वस्तू आणि आठवणी यांच्यावर पहिला हक्क त्या त्या गावाचाच मानला पाहिजे.

हे सरकारलाही लवकरच उमगले. १९५१च्या डिसेंबरात अध्यक्ष एल्पिदिओ किरिनो यांनी ४८६ क्रमांकाचा आदेश काढला आणि युद्धात नष्ट झालेल्या स्थानिक कागदपत्रांची भरपाई करण्याचे काम सुरू झाले. ते सोपवले गेले शाळामास्तरांवर. वस्तीवस्तीतल्या शिक्षकांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून गावाची स्थापना, पहिली कुटुंबे, एकामागून एक झालेले गावप्रमुख, स्पॅनिश आणि अमेरिकी काळातल्या घटना, युद्धातली हानी, लग्न-मर्तिकाचे रिवाज, म्हणी आणि कोडी लिहून काढली. काटेकोर अभ्यासक यावर आक्षेप घेतील, आणि तो रास्तही आहे: शिक्षक इतिहाससंशोधक नव्हते, दंतकथा आणि घटना यांची सरमिसळ झाली, कुठे पंधरा पाने भरली तर कुठे दोनच. पण या टिपणांकडून सनावळीची अपेक्षा करणे हीच चूक आहे. एखाद्या गावाने स्वतःविषयी काय लक्षात ठेवले आणि काय सोडून दिले, याचा तो पुरावा आहे. असा पुरावा मनिलातल्या कोणत्याही दप्तरात, ते शाबूत राहिले असते तरी, सापडला नसता.

किरिनो स्वतः विगानचे. इलोकोस सुरमधले हे शहर हुआन दे साल्सेदो याने १५७२मध्ये वसवले. तिथली प्रसिद्ध घरे मुख्यतः चिनी-फिलिपिनो मिश्रवंशाच्या व्यापाऱ्यांनी बांधली: तळमजला विटा-दगडांचा, वरचा मजला लाकडी, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. नीळ, तंबाखू आणि कापडाच्या व्यापारावर ती उभी राहिली. पुढे नदी गाळाने भरत गेली, व्यापार ओसरला, आणि नवे बांधायला पैसा नसल्याने जुने पाडण्याचीही निकड उरली नाही. जपानी अधिकाऱ्याने आपल्या स्थानिक कुटुंबाच्या सुरक्षेच्या बदल्यात शहर जाळले नाही, अशी एक कथा विगानमध्ये सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, हे शहर वाचणे हा केवळ योगायोग नव्हता असे तिथले लोक मानतात, एवढे ती नक्की सांगते. १९९९मध्ये युनेस्कोने विगानला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले आणि २०१२मध्ये त्याच्या व्यवस्थापनाचा आदर्श म्हणून गौरव केला. हा गौरव वास्तूंइतकाच नगरप्रशासन, घरमालक आणि कारागीर यांना एकत्र ठेवणाऱ्या पद्धतीचा होता. २०२२च्या जुलैमधल्या भूकंपात जुन्या घरांना तडे गेले, तेव्हा याच पद्धतीची गरज पुन्हा दिसली. विटा, चुना आणि लाकूड यांची डागडुजी नेहमी करावी लागते. ते काम जवळ राहणारा माणूसच करत राहतो.

याच्या नेमका उलटा प्रयोग बातानमधल्या बागाक इथे झाला आहे. होसे आकुझार या बांधकाम व्यावसायिकाने देशभरातली मोडकळीला आलेली जुनी घरे विकत घेतली, ती सुटी करून समुद्रकाठी पुन्हा उभी केली आणि २०१०मध्ये तिथे पर्यटकांसाठी वारसाग्राम सुरू झाले. त्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: मालकांना परवडत नव्हते, सरकार लक्ष देत नव्हते, घराचे खांब आणि फळ्या भंगारात गेल्या असत्या. पडक्या घरापेक्षा हलवलेले घर बरे, हे मान्यच करावे लागते. मात्र त्याची किंमतही मोजायला हवी. मनिलातल्या बिनोन्दोच्या गल्लीतला वाडा बागाकच्या किनाऱ्यावर गेला की त्याचा घाट राहतो, पण शेजारची दुकाने, नदी आणि त्यातून ये-जा करणाऱ्या मालाचा हिशेब सुटतो. ते घर कुणी, कशाच्या जोरावर, कुणाच्या शेजारी बांधले, हे त्याच्याकडे पाहून कळेनासे होते. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या आईच्या कुटुंबाचे बिन्यानमधले आल्बेर्तो घर तिकडे नेण्याचा बेत पुढे आला, तेव्हा स्थानिकांनी विरोध केला तो याच कारणाने. स्थलांतर हा शेवटचा उपाय असावा. तो सोयीचा पहिला पर्याय झाला, की गावाला आपले घर सांभाळण्याचे कारणच राहत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप वेगळा आहे. गाव म्हणजे तरी कोण? फिलिपिन्समध्ये स्थानिक सत्ता अनेकदा मोजक्या घराण्यांच्या हाती असते, आणि विगानलाही राजकीय हिंसेचा इतिहास आहे: १९७०मध्ये खासदार फ्लोरो क्रिसोलोगो यांची तिथल्याच कॅथेड्रलमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. जतन झालेली घरेही बहुधा धनवानांचीच. मजुरांच्या बांबूच्या झोपड्यांना फलक लागत नाहीत. मनिलाच्या नगरप्रशासनानेच १९४०च्या सुमाराची हाय आलाय या चेंडूच्या खेळाची देखणी इमारत २००० साली विरोध डावलून पाडली. म्हणजे सत्ता स्थानिक असली की वारसा आपोआप वाचतो, असे नाही. माझे म्हणणे एवढेच की गावाचा हक्क म्हणजे महापौराची मर्जी नव्हे. कायद्याची दिशाही हळूहळू तिकडे वळली आहे. २०१०च्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायद्याने किमान पन्नास वर्षे जुन्या वास्तूंना महत्त्वाच्या मानून संरक्षणाची सोय केली. २०२३च्या दुरुस्तीने स्थानिक सरकारांवर आपापल्या वारशाची नोंद करण्याची जबाबदारी टाकली. १९५१च्या शिक्षकांनी केलेले काम आता कायद्याच्या चौकटीत आले आहे. अशा नोंदीत झोपडी, गाणे आणि जत्रा यांना वाड्याइतकीच जागा मिळू शकते. पाडण्याचा निर्णय घेणाऱ्यालाही मग नोंदीतली गोष्ट आपल्याला ठाऊकच नव्हती असे म्हणता येत नाही.

पहिला हक्क गावाचा, या तत्त्वाची कसोटी समार बेटावरच्या बालांगिगात लागली. फिलिपिन्स-अमेरिका युद्धात, २८ सप्टेंबर १९०१ रोजी, तिथल्या गावकऱ्यांनी अमेरिकी तुकडीवर हल्ला केला. ४८ सैनिक मारले गेले. प्रत्युत्तरात जनरल जेकब स्मिथ याने समार उजाड करण्याचा हुकूम दिला, आणि चर्चच्या तीन घंटा सैनिकांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. दोन वायोमिंगमध्ये, एक दक्षिण कोरियातल्या अमेरिकी तळावर राहिली. डिसेंबर २०१८मध्ये, ११७ वर्षांनी, तिन्ही परत आल्या. त्यांतली एक मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवावी असा प्रस्ताव सिनेटमध्ये आला, तेव्हा बालांगिगा ज्यात येते त्या बोरोंगन धर्मप्रांताने त्याला विरोध केला. घंटा साऱ्या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या खुणा आहेत, त्या सर्वांनी पाहाव्यात, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. तरीही तिन्ही घंटा बालांगिगातच राहिल्या, आणि ते योग्य झाले. राष्ट्राला या घंटांचा अर्थ देणारी लढाई त्या गावाने लढली, आणि त्यांच्या नसण्याचा हिशेब ११७ वर्षे त्या गावाने ठेवला. राजधानी त्यांची भागीदार होऊ शकते, मालक नव्हे. ज्यांना त्या पाहायच्या आहेत त्यांनी समारला जावे. देशाचा इतिहास मनिलाबाहेर घडला, हे समजायला तेवढा प्रवास उपयोगीच पडेल.