मोंगोडंप

मोंगोडंप ही मोंगोडीबी या नोएसक्यूएल विदागाराची (डेटाबेसची) राखीव प्रत तयार करणारी आज्ञारेषेवरील उपयोजना आहे. विदागारातील नोंदी वाचून त्या फाइलींच्या स्वरूपात साठवणे हे तिचे कार्य होय. या फाइलींवरून विदागार पुन्हा उभे करण्यासाठी मोंगोरिस्टोर ही जोडउपयोजना वापरली जाते. राखीव प्रत ठेवणे आणि एका सर्व्हरवरील विदा दुसऱ्या सर्व्हरवर हलवणे, अशा दोन्ही कामांसाठी ही जोडी उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

मोंगोडीबी २००९ साली सार्वजनिकरीत्या उपलब्ध झाले. त्यात विदा तक्त्यांच्या ओळींऐवजी दस्तऐवजांच्या रूपात साठवली जाते. दस्तऐवजांच्या समूहास संग्रह म्हणतात. एकाच संग्रहातील दोन दस्तऐवजांची रचना सारखीच असावी असे बंधन नसते.

अशा विदागाराच्या मोठ्या प्रमाणावरील वापराचे भारतातील एक उदाहरण आधार प्रकल्पात आढळते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या प्रणालीच्या उभारणीत मायएसक्यूएल, हडूप व एचबेस यांच्या जोडीला मोंगोडीबीचाही वापर झाला. शिधा, शिष्यवृत्ती किंवा निवृत्तिवेतन यांसारखे लाभ ओळखीच्या नोंदीशी जोडले गेले की, ती नोंद नष्ट होणे किंवा तिच्यात बिघाड होणे याचा परिणाम थेट नागरिकाच्या हक्कावर होतो. त्यामुळे अशा विदागारांच्या बाबतीत राखीव प्रतीला विशेष महत्त्व असते.

कार्यपद्धती

मोंगोडंप चालू सर्व्हरशी जोडणी करून दस्तऐवज वाचते आणि प्रत्येक संग्रहासाठी एक बीसॉन फाइल तयार करते. सोबतच्या जेसॉन फाइलीत संग्रहाची वैशिष्ट्ये व निर्देशांकांच्या व्याख्या असतात. निर्देशांकांची प्रत्यक्ष विदा साठवली जात नाही. ते पुनर्स्थापनेच्या वेळी नव्याने बांधले जातात. म्हणून मोठ्या संग्रहाच्या पुनर्स्थापनेस बराच अधिक वेळ लागू शकतो.

संपूर्ण सर्व्हर, एकच विदागार, एकच संग्रह किंवा ठरावीक अटीत बसणारे दस्तऐवज अशी निवड करता येते. 'जीझिप' पर्यायाने फाइली संकुचित होतात, तर 'आर्काइव्ह' पर्यायाने सर्व विदा एकाच प्रवाहात मिळते. हा प्रवाह थेट मोंगोरिस्टोरकडे वळवल्यास मधली फाइल न बनवता स्थलांतर करता येते.

बीसॉन हे द्विमान स्वरूप असल्याने तारीख, पूर्णांक इत्यादी विदाप्रकार जसेच्या तसे टिकतात. उदाहरणार्थ, बारा अंकी संख्या ३२ बिटी पूर्णांकात मावत नाही, तिला ६४ बिटी पूर्णांक लागतो. सीएसव्हीसारख्या मजकुरी स्वरूपात हा भेद नोंदलाच जात नाही. बीसॉनमधील मजकूर यूटीएफ-८ संकेतनात असतो. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे 'टेंभली' या नावास १८ बाइट लागतात. मोंगोडंप हे बाइट न बदलता उतरवते. याउलट सीएसव्ही फाइल चुकीच्या संकेतनात उघडल्यास मराठी नावे वाचता येत नाहीत.

सुसंगतता

प्रत घेणे चालू असताना विदागारात नव्या नोंदी होत राहिल्यास एका संग्रहाची प्रत आधीच्या क्षणाची व दुसऱ्याची नंतरच्या क्षणाची असू शकते. प्रतिकृती संचात 'ऑपलॉग' पर्याय वापरल्यास त्या काळात झालेले बदलही नोंदवले जातात आणि पुनर्स्थापनेच्या वेळी ते लागू करून एकाच क्षणाची स्थिती मिळवता येते. हा पर्याय केवळ संपूर्ण सर्व्हरच्या प्रतीसाठी चालतो. एकट्या विदागाराची किंवा संग्रहाची प्रत घेताना तो वापरता येत नाही.

पुनर्स्थापना

मोंगोरिस्टोर नोंदींची केवळ भर घालते. त्याच ओळखक्रमांकाचा दस्तऐवज लक्ष्य विदागारात आधीच असल्यास तो बदलला जात नाही. त्यामुळे आज्ञा पूर्ण होऊनही जुनी, चुकीची नोंद तशीच राहू शकते. 'ड्रॉप' पर्याय दिल्यास प्रतीत असलेले संग्रह आधी पुसून मग भरले जातात. हा पर्याय चुकीच्या सर्व्हरवर चालवल्यास तेथील विदा नष्ट होते.

मर्यादा

मोंगोडंप सर्व दस्तऐवज वाचत असल्याने सर्व्हरच्या स्मृतीवर ताण येतो. लहान व मध्यम विदागारांसाठी ती सोयीची आहे. फार मोठ्या विदागारांसाठी साठवण यंत्रणेच्या पातळीवरील क्षणचित्रे अधिक योग्य ठरतात. विदा अनेक शार्डांवर विभागलेली असल्यास प्रत घेताना संतुलकाचे काम व नवे लेखन थांबवावे लागते, अन्यथा शार्डांमधील नोंदींचा मेळ बसेलच असे नाही.

तयार झालेल्या फाइली कूटबद्ध नसतात. बीसॉनडंप या उपयोजनेने त्या कोणालाही वाचता येतात. म्हणून व्यक्तिगत माहितीची प्रत स्वतंत्रपणे कूटबद्ध करून मूळ सर्व्हरपासून दूर ठेवली जाते. प्रत उपयोगी आहे की नाही हे फाइल तयार झाल्याने सिद्ध होत नाही. वेगळ्या सर्व्हरवर तिची पुनर्स्थापना करून, दस्तऐवजांची संख्या मोजून आणि काही नोंदी प्रत्यक्ष पडताळूनच ते ठरते.

आवृत्ती व परवाना

मोंगोडीबी ३.० पासून ही उपयोजना गो भाषेत लिहिलेली आहे. मोंगोडीबी ४.४ (२०२०) पासून ती सर्व्हरपासून वेगळी, मोंगोडीबी डेटाबेस टूल्स या संचात प्रसिद्ध होते. हा संच अपाचे परवाना २.० अंतर्गत मुक्त आहे.