कसणाऱ्याचे नाव

ऊसनोंदीला आमचा माणूस आधी सातबारा मागतो, तेव्हा काही जण वैतागतात. पण कसणाऱ्याचे नाव कागदावर यावे म्हणून जुन्या हैदराबाद संस्थानात माणसे मेली आहेत. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्याच संस्थानात होते, त्यामुळे तेलंगणाची ही हकिगत आपल्याला परकी नाही.

दुसरे महायुद्ध संपले आणि नलगोंडा-वारंगळ भागात भडका उडाला. देशमुखांकडे हजारो एकर जमीन. कुळाच्या वाट्याला वेठ, वर धान्याची लेव्ही. पालकुर्तीची ऐलम्मा चाकली, म्हणजे आपल्याकडच्या परीट समाजाची. ती खंडाने जमीन करायची. विसनूरच्या देशमुखाची माणसे तिचे पीक न्यायला आली, तर आंध्र महासभेच्या (गावकरी तिला 'संगम' म्हणत) पोरांनी ते कापून तिच्या घरात नेऊन टाकले! ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडीत मिरवणुकीवर देशमुखाच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, त्यात दोड्डी कोमरय्या गेला. मग लोक काही मागे हटेनात.

कम्युनिस्टांच्या पुढारीपणाखाली सुमारे ३००० गावांत १० लाख एकर जमीन वाटली, असे चळवळीच्या पुढाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता गेली. पण लष्कराच्या पाठोपाठ पळालेले देशमुखही गावात परतले आणि वाटलेली बरीच जमीन त्यांनी परत घेतली. कुळाकडे ताबा होता, कागद नव्हता. आणि आता बंदूकही समोरच्या बाजूला होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेतला गेला.

तरी सरकारला हलावे लागलेच. १९४९ मध्ये जागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळ कायदा होऊन 'संरक्षित कूळ' आले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर मागितली. वेदिरे रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली आणि भूदान सुरू झाले. दान मोठेच, पण माझ्या मते कुळाला खरा आधार कायद्याचा. तोही सावकाश आला. संरक्षित कुळाला मालकी देणारे ३८-ई कलम १९५४ च्या दुरुस्तीतले. बहुतेक तेलंगणात ते लागू व्हायला १९७३ उजाडले.

हाच कायदा मराठवाड्यालाही होता. ज्यांच्या आजा-पणजाचे नाव संरक्षित कूळ म्हणून लागले होते, त्यांनी जुने खासरा पत्रक आणि फेरफाराची नक्कल तहसिलीतून काढून घरात ठेवावी. वारसांची नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्यावा.